पहिलटकरणीची भीती: आधी गाठोडं सोडून बघ

तू लिहिलंयस की ३३वा आठवडा चालू आहे, रात्री अडीच-तीनला जाग येते ती येतेच, मावसबहिणीला १८ तास कळा देऊन शेवटी सिझर झालं ते ऐकल्यापासून हातपाय गार पडतात, आणि आता डॉक्टरांना सरळ सांगून टाकावं का की माझं सिझरच करा. नवरा म्हणतो एवढं काय घाबरायचं, सगळ्या बायकांची होतातच की. तर पहिलं म्हणजे नवऱ्याला हे वाक्य परत बोलू देऊ नकोस. सगळ्यांची होतात म्हणून कुणाची भीती कमी झालेली मी पाहिली नाही, उलट आपणच तेवढ्या भित्र्या असं वाटून डोक्यावर अजून एक ओझं.

मी लेबर रूममध्ये २६ वर्षं काढलीत. आधी सोलापूर जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आणि आता सांगलीकडे एका प्रायव्हेट हॉस्पिटलात सिस्टर इन्चार्ज. बाळंतपणं किती झाली हातून ते मोजायचं कधीच सोडलं. आणि तरी माझी स्वतःची पहिली वेळ आली तेव्हा नववा लागल्यावर मी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून रडले होते, म्हणजे सगळं पाठ असूनसुद्धा. त्यामुळे "घाबरू नकोस गं" असं मी तुला म्हणणार नाहीये. आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा बोललं जाणारं वाक्य आहे ते, आणि उपयोग शून्य.

इतक्या वर्षांत एक कळलं ते सांगते. भीती ही एक वस्तू नसतेच, चार-पाच वेगवेगळ्या भीत्या एका फडक्यात बांधलेलं गाठोडं असतं ते आणि आपण वरून त्याला "कळांची भीती" असं लेबल लावतो. मी ओपीडीत पोरींना विचारते कशाची भीती वाटते, सगळ्या म्हणतात कळांची. मग मी गप्प बसते, बीपीचा पट्टा सोडते, वजन लिहिते, आणि परत विचारते की म्हणजे नक्की कशाची. मग खरं येतं बाहेर. एक जण म्हणाली मला सगळ्यांसमोर शी होईल. एकीला वाटायचं आईला बाहेर काढतील आणि मी एकटीच राहीन. एकीला सिस्टर लोक ओरडतात, मारतात असं कुणीतरी सांगितलेलं. एकीच्या सोनोग्राफीत नाळेचा वेढा आला होता आणि ती रोज रात्री बाळ हलतंय का बघत जागी राहायची. कळांचं नाव घेऊन आलेल्या ह्या चौघी, आणि चौघींचं औषध वेगळं. म्हणून तू पण आज वही घे आणि लिही, मनातल्या मनात नको, कागदावर. "मला भीती वाटते की..." असं दहा वेळा लिहून पुढचं भर. सात-आठ नंतर जे येतं ना, ते सहसा खरं असतं.

आता एकेक सोडवू.

दुखण्याची भीती. दुखतं. खोटं कशाला बोलू. पण ते कसं दुखतं हे कुणी नीट सांगत नाही, सगळ्या फक्त "नको बाई ते आठवण" म्हणून हात झटकतात, आणि ऐकणारीला वाटतं की १८ तास म्हणजे १८ तास सलग मरणाचं दुखणार. तसं नसतं गं. कळ येते, चढते, टोकाला जाते आणि उतरते. अगदी जोरात असते तेव्हा साधारण मिनिटभर टिकते आणि दोन-तीन मिनिटांनी पुढची. तीन मिनिटांनी एक धरली तर तासात २० कळा, म्हणजे २० मिनिटं दुखणं आणि ४० मिनिटं मोकळी. त्या मोकळ्या वेळात बायका चक्क डुलकी काढतात, घोरतात सुद्धा, मी पाहिलंय. आमच्या लेबर रूमच्या भिंतीवर सेकंद काटा असलेलं मोठं घड्याळ आहे, मी पोरीला ते दाखवते, बघ आता काटा १२ वर आहे, चढतेय, ६ पर्यंत आला की ही उतरायला लागेल. एकदा तिला उतार स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की पुढच्या कळेला तिचा चेहराच वेगळा असतो.

आणि मावसबहिणीचे १८ तास. ते मोजायला कुठून सुरुवात केली हे विचारलंस का? पहिलटकरणीचं गर्भपिशवीचं तोंड सुरुवातीला फार हळू उघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जे सांगितलं त्यात खरी जोरातली स्टेज ५ सेंटीमीटरपासून धरलीय, तिथून पूर्ण १० उघडेपर्यंत पहिल्या खेपेला सहसा १२ तासांच्या वर जात नाही, आणि त्याच्या आधीच्या स्टेजला ठरलेली वेळच नाही, कुणाला चार तास, कुणाला दीड दिवस. तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोबही त्यांनी सगळ्यांना लागू नाही म्हटलंय. त्या आधीच्या स्टेजमध्ये कळा असतात पण बोलता येतं, चालता येतं, मऊ भात-वरण जातं, अंघोळ करता येते. ही स्टेज घरी काढायची असते. होतं काय, पहिली कळ आली की घरातले सगळे गाडीत घालून आणतात, तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं, मग ती पोरगी कॉटवर पडून शेजारणीचं ओरडणं ऐकत बसते आणि घाबरून तिच्या कळा आणखीच लांबतात. तिच्या १८ तासांतले बरेच तास असले असतील असा माझा अंदाज, अर्थात मी तिथे नव्हते.

मग निघायचं कधी? साधारण पाच मिनिटांनी एक कळ, प्रत्येक मिनिटभर, आणि असं तासभर चालू राहिलं की निघ. हॉस्पिटल लांब असेल, गाडीची सोय नसेल तर आधीच निघ. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन. पण काही गोष्टींना कळांची वाट बघायची नाही: पाणी गेलं (हिरवट-काळपट असेल तर धावतच), अंगावरून रक्त गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली. बाळाच्या हालचालीच्या बाबतीत "सकाळी बघू" अजिबात नाही, रात्री दोनला सुद्धा ये, आम्ही जागेच असतो. आणि ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट आवळायला लागलं तरी लगेच दाखवायचं.

भीतीने दुखणं वाढतं हे मात्र खरं आहे, मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. डिक-रीड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९३०च्या दशकातच हे मांडलं होतं, भीतीने अंग आवळतं, आवळल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते. शरीरात ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनवर कळा चालतात आणि घाबरल्यावर जे ॲड्रेनलिन सुटतं ते त्याच्या आड येतं. म्हणून मी कळ आली की पोटाकडे बघतच नाही, पोरीच्या जबड्याकडे बघते. दात आवळलेत, खांदे कानाला लागलेत, मुठी वळल्यात, म्हणजे सगळी ताकद उलट्या कामाला. जबडा सैल सोड, खांदे पाड, श्वास घेताना पोट भरू दे आणि सोडताना लांऽऽब सोड, गरम चहावर फुंकर मारतो तसा. आवाज येत असेल तर येऊ दे पण खालच्या पट्टीत, हूंऽऽऽ असा घशातून, किंकाळी नको. किंकाळीने दमायला होतं नुसतं.

ग्रामीण रुग्णालयात असताना एक आजी आली होती नातीबरोबर, पंढरपूरकडची. आम्ही सगळे आपापल्या गडबडीत, आणि ही म्हातारी नातीच्या कानाशी बसून जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, अगदी हळू, कळ चढली की ओळ लांबवायची आणि उतरली की थांबायची. नात तिच्याबरोबर हुंकार भरत होती. ओवी म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो ना, तेच. आता शहरात त्याच गोष्टीचे क्लास असतात, पैसे भरून. क्लास वाईट नाहीत हां, जमत असेल तर जा, पण नाही जमलं तर रोज रात्री दहा मिनिटं घरी हेच कर, ऐन वेळी शिकून होत नाही.

एकटं पडण्याची भीती. मला विचारशील तर गाठोड्यातली सगळ्यात जड हीच. आणि सोडवायला सगळ्यात सोपीसुद्धा. बाळंतपणात शेवटपर्यंत कुणीतरी जवळ असेल तर काय फरक पडतो ह्यावर २६ अभ्यास, १५ हजारांवर बायकांचे, एकत्र करून बघितलेत. अशा बायकांची नॉर्मल होण्याची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, वेळही थोडा कमी लागतो. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला परवानगी दिलीय, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरची बाई, आणि आडोशाची नीट सोय असेल तिथे नवरासुद्धा. कागदावर आहे पण सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. म्हणून आत्ताच विचार तुझ्या हॉस्पिटलात, लेबर रूममध्ये माझ्याबरोबर कोण थांबू शकतं, आणि "बघू तेव्हाच्या तेव्हा" हे उत्तर घेऊन उठू नकोस.

सोबतीला कोण हे मात्र नीट निवड. आईच पाहिजे असं नाही. काही आया लेकीला कळ आली की स्वतःच डोळ्याला पदर लावतात, मग पोरगी आईला धीर देत बसते! जिचं डोकं शांत, जिच्यासमोर तुला लाज वाटणार नाही, ती घे, मग ती जाऊ का असेना, का आत्या. आणि तिला काम सांगून ठेव: दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी द्यायचं, कळेला कमरेच्या खालच्या हाडावर तळहाताने दाबून धरायचं (चोळायचं नाही, दाबायचं, जोरात), उठवून फिरवायचं, आणि दुसऱ्यांची बाळंतपणं सांगायची नाहीत.

ओरडण्याची, अपमानाची भीती. इथे मला जरा खाली मान घालूनच लिहावं लागतंय. होतं असं. "तेव्हा नाही वाटलं का" असली वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकलीत, आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत रात्री सात-आठ बायका आणि आम्ही दोघी अशा ड्युटीत मी पण आवाज चढवलाय. कारण सांगता येतं पण ते समर्थन नाही. एका रात्री एक पोरगी मला म्हणाली, "सिस्टर, ओरडू नका, फक्त काय करू ते सांगा." बस, तेवढंच म्हणाली. तेव्हापासून मी कमी ओरडते. तू पण हे वाक्य पाठ करून ठेव. आणि शक्य असेल तर एकदा लेबर रूम आधी बघून ये, सिस्टरना तोंडओळख दाखव. त्या टेबलचा, त्या लाइटचा अर्धा धसका बघितल्यावरच उतरतो. तपासणी आतून करताना आधी सांगून, विचारून करायची हा तुझा हक्क आहे, "थांबा, कळ जाऊ दे" असं म्हणता येतं.

शी होण्याचं लगेच सांगून टाकते. जोर लावताना होते, बऱ्याच जणींना होते, आणि आम्ही ती तुझ्या लक्षात यायच्या आत पुसून मोकळ्या झालेल्या असतो. खरं सांगू का, ती दिसली की आम्हाला बरं वाटतं, जोर बरोबर जागी लागतोय म्हणून. त्यासाठी एनिमा घ्यायची गरज नाही, सरसकट केस काढायचीही नाही.

फाटण्याची, टाक्यांची भीती. पहिल्या खेपेला दहातल्या नऊ जणींना थोडंफार खरचटतं, चिरतं किंवा छेद घ्यावा लागतो. ऐकायला भयंकर, पण त्यातलं बहुतेक वरवरचं असतं, पार गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारं शंभरात साधारण सहा जणींना. टाके भूल देऊन घालतात, विरघळणारे असतात. तू ३३व्या आठवड्यात आहेस म्हणजे अगदी वेळेवर विचारलंस, ३४-३५ पासून खालच्या जागेचा मसाज सुरू केला तर पहिलटकरणींमध्ये टाके लागायचं प्रमाण कमी होतं. नखं कापून, हात धुऊन, साधं खोबरेल घेऊन अंगठा तीनेक सेंटीमीटर आत आणि खालच्या बाजूला, मग दोन्ही कडांना ताण जाणवेपर्यंत दाबायचं, आठवड्यातून दोन-चारदा पाच मिनिटं. जंतुसंसर्ग असेल, पाणी जात असेल, वार (नाळ जिला जोडलेली असते ती, प्लॅसेंटा) खाली असेल तर नाही करायचं, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचार. आणि हेही विचार की छेद सगळ्यांनाच घेता का गरज पडली तरच, कारण सरसकट घेऊ नये असंच आता सगळीकडे सांगतात.

नाळेचा वेढा. तुझ्या पत्रात नाहीये पण रिपोर्टमध्ये कधी आलं तर हे लक्षात ठेव. चार-पाच बाळांतल्या एकाच्या गळ्यात वेढा असतोच. बाळ पोटात नाकाने श्वास घेत नाही, त्याला ऑक्सिजन नाळेतल्या रक्तातून मिळतो, म्हणजे गळा आवळून गुदमरतं हे चित्रच चुकीचं. नाळेवर जेलीसारखा जाड थरही असतो. डोकं बाहेर आलं की आम्ही बोटाने तो वेढा माळेसारखा काढतो, दोन सेकंदाचं काम. निव्वळ वेढा आहे म्हणून सिझर हे कारण मला पटत नाही. ठोके बिघडले तर गोष्ट वेगळी.

मरणाची भीती. कुणी मोठ्याने बोलत नाही ही. "बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म" असं आपल्याकडे म्हणतात ना, त्यातून ती मुरलेली असते. आजीच्या काळात ते खरंही होतं. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत महाराष्ट्रात १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू आहेत. ते ३३ सुद्धा व्हायला नकोत, पण ते होतात कशाने बघ, मुख्यतः रक्तस्राव, बीपी आणि इन्फेक्शन. म्हणून मरणाची भीती सांगणाऱ्या पोरीला मी तत्त्वज्ञान सांगत नाही, तिचं हिमोग्लोबिन विचारते. तुझं किती आहे? ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या नेमाने घे, चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. बीपी दर तपासणीला लिहिलं जातंय का बघ. बाळ आल्याबरोबर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, ते देतातच ना एवढं विचारून ठेव.

आता सिझर मागावं का. मी सिझरच्या विरोधात नाही, बाळ अडलं तेव्हा त्याच टेबलवर किती जीव वाचताना पाहिलेत. पण "दुखायला नको म्हणून सिझर" ह्यात हिशोबाची चूक आहे. तिथलं दुखणं नंतर येतं, खोकताना, हसताना, बाळाला पाजायला उठताना, आणि पुढच्या गरोदरपणात वार जुन्या टाक्यावर चिकटायचा धोका राहतो. प्रश्न फक्त दुखण्याचा असेल तर आधी एपिड्युरल मिळतं का ते विचार. कमरेत बारीक नळी घालून औषध देतात, सिझरचं प्रमाण त्याने वाढत नाही, जोर लावायची स्टेज थोडी लांबू शकते, कधी बीपी उतरतं, शंभरात एखादीला नंतर डोकं दुखतं. जन्मभर कंबर दुखते हे मात्र सिद्ध झालेलं नाही. खरा प्रश्न हा की भूलतज्ज्ञ रात्री पण येतात का, कारण छोट्या गावांत तिथेच घोडं अडतं. काही ठिकाणी एन्टोनॉक्सचा गॅस असतो, नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजन निम्मे निम्मे, मास्क आपल्याच हातात, कळ सुरू होता होताच ओढायचा कारण चढायला अर्धा मिनिट लागतो.

आणि हे सगळं समजून, विचारून, बघूनसुद्धा झोप येतच नसेल, तपासणीला जायचंच टाळावंसं वाटत असेल, बाळाचा विचार आला तरी छातीत धडधडत असेल तर तो आजार आहे, टोकोफोबिया म्हणतात त्याला, भित्रेपणा नव्हे. डॉक्टरांना ह्याच शब्दात सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला सांग. रात्री अडीचला फारच झालं तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. अशा एखादीने सगळं कळून सिझर निवडलं तर मी तिला एका शब्दाने बोलणार नाही.

बाकी सोपं बाळंतपण व्हावं म्हणून घरोघरी सांगतात ते फरशी पुसणं, ढीगभर तूप, नवव्या महिन्यात एरंडेल, ह्यातलं एरंडेल तर अजिबात घेऊ नकोस, जुलाबाने गळून जाशील. फिर रोज अर्धा तास, तेवढं पुरे.

आणि त्या मावसबहिणीला एक फोन कर. कळा किती होत्या ते नको विचारूस, फक्त विचार की त्या १८ तासांत तुझ्याजवळ कोण बसलं होतं. काय उत्तर येईल ह्याचा मला अंदाज आहे, तरी विचार आणि मला कळव.